मिठागरांवरच्या घरांचा जमाखर्च : राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण, महाराष्ट्र;
तसेच राज्य तज्ज्ञ मूल्यांकन समिती, मुंबई.

विषय : मुलुंड, भांडुप व कांजूरमार्ग येथील मिठागरांच्या जमिनीवरील नियोजित भाड्याच्या घरांचे लाभ आणि त्यातून होणारी अटळ पर्यावरणीय हानी यांची तुलना करण्याबाबत.

महोदय,

धारावीच्या पुनर्विकासात जी कुटुंबे धारावीतच घर मिळण्यास अपात्र ठरतील, त्यांच्यासाठी भाड्याची घरे बांधता यावीत म्हणून पूर्व उपनगरांतील मिठागरांची 255.9 एकर जमीन राज्याकडे देण्यास केंद्र सरकारने 2024 मध्ये मान्यता दिली. कांजूर येथील 120.5 एकर, कांजूर-भांडुपमधील 76.9 एकर आणि मुलुंडमधील 58.5 एकर असे या जमिनीचे तीन भाग आहेत. या हस्तांतरणाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये फेटाळली, त्यामुळे जमीन कोणाची आणि ती कोणाला देता येते, या वादात मी शिरत नाही. त्या जमिनीवर किती बांधावे, कसे बांधावे आणि मुळात बांधावे का, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि पर्यावरणीय मंजुरीच्या निमित्ताने तो कायद्याने आपल्या अखत्यारीत येतो. म्हणून हे पत्र मंत्र्यांना किंवा विकासकाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

मी मुलुंड पूर्वेचा रहिवासी आहे. स्थापत्य अभियंता म्हणून माझी नोकरीतली बरीचशी वर्षे नाले, मोऱ्या आणि कल्व्हर्ट यांच्या कामात गेली, त्यामुळे पुढे पाण्याविषयी जरा जास्त लिहिले जाईल. ते आपण चालवून घ्यावे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. या प्रकल्पाविरुद्ध आमच्या भागात जी निदर्शने झाली, त्यांतल्या काही घोषणांचा सूर ‘आमच्याकडे ही माणसे नकोत’ असा होता. त्या सुराशी माझा काडीचाही संबंध नाही. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे 52 लाख लोक, म्हणजे शहराची जवळजवळ 42 टक्के वस्ती, झोपडपट्टीत राहत होती. 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाल्यापासून झोपु योजनांचा अनुभव असा आहे की परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्रतेच्या यादीत, ज्याचे नाव पात्र म्हणून आले त्याला घर मिळते आणि ज्याचे आले नाही त्याला बिऱ्हाड उचलावे लागते. पोटमाळ्यावर भाड्याने राहणारा कारागीर, वरच्या मजल्यावरचे कुटुंब, उशिरा आलेला मजूर यांचा विचार अशा योजनांनी सहसा केलाच नाही. धारावीच्या योजनेत 1 जानेवारी 2011 नंतर आलेल्यांना आणि वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना धारावीबाहेर का होईना, पण भाड्याचे घर देऊ केले आहे. हा लाभ खरा आहे आणि मोठा आहे. पर्यावरणाच्या नावाने बोलणाऱ्यांनी तो उदार मनाने मान्य करायला हवा, असे मला वाटते.

तरीही आपल्यासमोर येणारा अहवाल या लाभाचा आणि हानीचा हिशेब कसा मांडेल, याची मला काळजी आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत अहवालाची प्रकरणे ठरवून दिली आहेत. चौथ्या प्रकरणात संभाव्य परिणाम आणि त्यांवरचे उपाय येतात आणि त्याच प्रकरणात ‘परत न फिरवता येणारी व भरून न निघणारी’ हानीही नोंदवायची असते. पाचवे प्रकरण पर्यायांचे, आठवे प्रकल्पाच्या लाभांचे आणि नववे पर्यावरणीय खर्च-लाभ विश्लेषणाचे. अभ्यासाची व्याप्ती ठरवताना आपण तशी शिफारस केली तरच हे नववे प्रकरण लिहावे लागते. गृहप्रकल्पांचे जे अहवाल मी वाचले, त्यांत लाभाचे प्रकरण घरांची संख्या, रोजगार आणि ‘परिसराचा विकास’ यांनी भरलेले असते. परिणामांच्या तक्त्यात मात्र प्रत्येक ओळीसमोर उपाय लिहून हानी ‘अल्प’ किंवा ‘नगण्य’ ठरवलेली असते. धूळ उडेल, तर पाणी मारू. आवाज होईल, तर पत्रे लावू. सांडपाणी वाढेल, तर प्रक्रिया केंद्र बांधू. भरून न निघणाऱ्या हानीला दोन-तीन वाक्ये मिळतात, कधी तीही नाहीत. एका बाजूला सगळा लाभ मांडायचा आणि दुसऱ्या बाजूला काहीच उरू द्यायचे नाही, अशी ही मांडणी असते. अशा तक्त्यावरून कोणताही प्रकल्प मंजूरच होणार, कारण तुलना करायला दुसरे काही शिल्लकच नसते.

मिठागरांच्या बाबतीत असे चालणार नाही, कारण येथे काही हानी कोणत्याही उपायाने टळणारी नाही. तिच्यातला सगळ्यात मोठा भाग पाण्याचा आहे.

पूर्व उपनगरांची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारावरचे पाणी मुलुंड-भांडुपमध्ये लाल बहादूर शास्त्री मार्गाखालून, नंतर मध्य रेल्वेच्या रुळांखालून आणि शेवटी पूर्व द्रुतगती महामार्गाखालून वाहत मिठागरे आणि कांदळवनांतून ठाणे खाडीला मिळते. रस्ता, रेल्वे आणि महामार्ग या तीन रेषा पाण्याच्या वाटेवर आडव्या पडलेल्या आहेत आणि पाण्याला जाण्यासाठी त्यांत ठरावीक मोऱ्याच आहेत. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता 50 मिलिमीटर करण्याचे सुचवले आणि ते काम 26 जुलै 2005 नंतर नेटाने हाती घेतले गेले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मात्र नाला कितीही रुंद केला, तरी ज्या खाडीत तो रिकामा व्हायचा तिचीच पातळी नाल्यापेक्षा वर असेल, तर रुंदीचा काही उपयोग होत नाही. म्हणूनच पावसाळ्यात 4.5 मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका दरवर्षी जाहीर करते.

अशा दिवशी महामार्गाच्या पूर्वेला, एखाद्या नाल्याच्या तोंडाशी उभे राहून पाहावे. भरती चढू लागली की पाण्याचा वेग आधी मंदावतो, मग ते जागच्या जागी घुटमळते आणि थोड्या वेळाने थर्माकोलचे तुकडे, शहाळ्यांची टरफले, बाटल्या खाडीकडून वस्तीकडे येऊ लागतात. वर पाऊस चालू असेल तर डोंगराकडचे पाणी आणि खाडीचे पाणी मधल्या सखल पट्ट्यात एकमेकांना भिडतात. पुढचे काही तास हे पाणी राहणार कोठे? आज त्याला महामार्गापलीकडची मिठागरे, त्यांचे बांध, वाफे, मोडकळीला आलेल्या उघाड्या (खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) आणि त्यांच्यामागचे कांदळवन ही जागा आहे. ओहोटी लागली की तेच पाणी तेथून निघून जाते.

आकड्यांत सांगायचे तर 255.9 एकर म्हणजे सुमारे 103.5 हेक्टर. एवढ्या क्षेत्रावर फक्त 30 सेंटिमीटर, म्हणजे पोटरीपर्यंत, पाणी साठते असे धरले तरी ते सुमारे 3 लाख 10 हजार घनमीटर होते. लिटरमध्ये 31 कोटी. महापालिकेच्या पर्जन्य जल उदंचन केंद्रांत बसवलेला एक मोठा पंप सेकंदाला 6,000 लिटर पाणी उपसतो. हे पाणी उपसायला तसा एक पंप अखंड चौदा तासांहून अधिक चालवावा लागेल. आजच्या घडीला हे काम ती जमीन विजेच्या एका युनिटाशिवाय, गाळ काढण्याच्या कंत्राटाशिवाय आणि कोणाच्या ड्युटीशिवाय करते आहे. पूर्व उपनगरांसाठी आखलेले माहुलचे उदंचन केंद्र जागेच्या प्रश्नात किती वर्षे रखडले, हे आपण जाणता. ती जागाही मिठागराचीच होती, हा यातला विरोधाभास.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ऐन पावसाळ्यात मिठागरे पावसाच्याच पाण्याने भरलेली असतात, मग त्यांत आणखी पाणी मावणार कितीसे? नेमके हेच मोजले गेले पाहिजे. कोणत्या महिन्यात, किती मीटरच्या भरतीला, कोणत्या वाफ्यात किती जागा शिल्लक असते, हे तासागणिक मोजून मांडले पाहिजे; माझा वरचा आकडा ढोबळ आहे आणि मोजणीअंती तो कमी भरला तर मी तो आनंदाने मागे घेईन. परंतु एक गोष्ट मोजणीशिवायही सांगता येते. या जमिनीवर इमारती उभ्या करायच्या तर आधी भराव घालून ती भरतीच्या पातळीच्या बरीच वर आणावी लागेल. भरावानंतर तेथे मावणारे पाणी शून्य होईल, आणि शिवाय त्या भूखंडावर पडणारा पाऊस तेथेच थांबण्याऐवजी गटारांतून थेट बाहेर पडेल. अहवालात पर्जन्यजल साठवण टाक्यांचा उल्लेख येईलच. लाखभर लिटरची एक टाकी धरली तर 31 कोटी लिटरसाठी अशा 3,100 टाक्या लागतात. आणि त्या टाक्या इमारतीच्या गच्चीवरचे पाणी धरतात, नाल्यातून उलटे आलेले नव्हे. म्हणून हा परिणाम ‘उपायांनी अल्प’ या सदरात बसत नाही. तो अटळ आहे असे लिहा, त्याचा आकडा लिहा आणि मग लाभाशी तुलना करा, एवढेच माझे म्हणणे आहे.

2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या रचना वगळल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. त्या वगळणुकीमुळे एक कायदेशीर संरक्षण गेले. भरतीचे पाणी मात्र नियमांची व्याख्या वाचून येत नाही, आणि पर्यावरण आघात मूल्यांकनाचे काम प्रत्यक्ष घडणाऱ्या परिणामांचे आहे.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्यासाठी बोलणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. रोहित (फ्लेमिंगो), तुतवार, चिखल्या, शेकाट्या हे पक्षी ओहोटीच्या वेळी खाडीच्या उघड्या चिखलात चरतात. भरतीत तो चिखल बुडाला की त्यांना काही तास टेकायला उथळ, मोकळी, झाडी नसलेली जागा लागते आणि मिठागरे ती गरज भागवतात. अभयारण्याच्या सीमेवर कुंपण घालून खाडीचा चिखल राखला आणि भरतीतला हा विसावा काढून घेतला, तर राखलेल्या भागाचाही उपयोग कमी होतो. येथे भरपाई म्हणून दुसऱ्या कोठल्या जिल्ह्यात रोपे लावण्याची अट घालणे व्यर्थ आहे, कारण या पक्ष्यांना झाडे नसलेली जागाच हवी असते.

आता लाभाच्या बाजूकडे येतो. तिची छाननी आपण हानीइतकीच कसून करावी अशी माझी विनंती आहे, कारण माझ्या मते खरा घोळ तेथेच होतो. अहवालात लाभार्थी म्हणून घर मिळणारे कुटुंब दाखवले जाईल आणि बाधित म्हणून शेजारची वस्ती, पक्षी, कांदळवन दाखवले जाईल. मग चर्चा ‘गरिबांची घरे की फ्लेमिंगो’ अशी होते, आणि ती तशी झाली की फ्लेमिंगोच्या बाजूने बोलणारा माणूस निर्दय ठरतो. वस्तुस्थिती अशी की या प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा पहिला वाटेकरी त्या घरांत येणारा भाडेकरूच आहे. शेजारी कांजूरची क्षेपणभूमी आहे, जिथे शहराचा बहुतांश कचरा जातो. त्या वाऱ्यात खिडकी उघडायची की नाही, हे त्याला रोज ठरवावे लागेल. महामार्ग पाण्याखाली गेला की कामावरून परतताना अडकणार तोच आहे. म्हणून लाभ आणि हानी यांची तुलना त्या एका कुटुंबाच्या पातळीवर आधी करून पाहावी. धारावीतून उठून येथे आल्यावर त्याचे निव्वळ भले किती झाले?

त्या निव्वळ भल्यातून वजा करावे लागेल असे पुष्कळ आहे. धारावीतले चामड्याचे, कापडाचे, भंगाराच्या पुनर्वापराचे काम, कुंभारवाड्यातल्या भट्ट्या, घरच्या घरी चालणारे पापड-फरसाणाचे उद्योग हे घर आणि काम एकाच जागी किंवा चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे टिकले आहेत. खाली कारखाना आणि वर पोटमाळ्यावर बिऱ्हाड अशी जी रचना आहे, त्यातला वरचा माणूस आता मुलुंड-कांजूरला जाणार आणि खालचे काम धारावीत राहणार. रोजचा रेल्वेप्रवास, त्याचा वेळ, बुडालेली अर्धी पाळी, घरात बसून काम करणाऱ्या बाईची गेलेली कमाई, हे सगळे लाभाच्या प्रकरणात उणे चिन्हाने आले पाहिजे. आमच्या स्थानकांवर सकाळी साडेआठला चढता येते का, हा प्रश्न मी विचारत नाही. आपल्यापैकी कोणी लोकलने येत असेल तर त्याला उत्तर माहीत आहे.

माहुलचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. शहरभरातील प्रकल्पबाधितांना तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी घरे दिली गेली, कागदोपत्री त्यांचे पुनर्वसन पूर्ण झाले आणि प्रदूषणामुळे लोक आजारी पडू लागल्यावर प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापासून उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी 2019 मध्ये उच्च न्यायालयाला तेथून बाहेर पडू इच्छिणाऱ्या कुटुंबांना घरभाडे देण्याचे आदेश द्यावे लागले. त्या घरांचे लाभ मोजताना प्रत्येक सदनिका एक पूर्ण लाभ म्हणून मोजली गेली असणार. गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या जवळ आहेत की खालच्या मजल्यांना ऊन आणि वारा मिळत नाही, आणि त्या रचनेचा क्षयरोगाशी असलेला संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. घर मिळाले म्हणजे राहणीमान सुधारले, हे गृहीतक मुंबईत तरी पुराव्याशिवाय स्वीकारू नये.

उपाययोजनांच्या खर्चाबद्दलही लिहायला हवे, कारण हा मुद्दा अहवालांत मी कधी वाचलेला नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्र, ओल्या कचऱ्याचे यंत्र, अग्निशमनाचे पंप, उद्वाहने, पुराचे पाणी उपसणारे पंप हे सगळे पर्यावरणीय मंजुरीच्या अटी म्हणून बांधले जाते आणि ताबा दिल्यावर त्याचे वीजबिल व देखभाल रहिवाशांच्या अंगावर पडते. एका पुनर्वसन इमारतीत मी सांडपाणी केंद्र पाहायला गेलो, तेव्हा ब्लोअरचा पॅनेल गंजला होता, टाकीच्या झाकणावर सायकली आणि एक मोडका पलंग ठेवला होता, आणि सोसायटीच्या सचिवांनी सरळ सांगितले की केंद्र चालवायचे तर दर घरामागे मासिक वर्गणी दुप्पट करावी लागेल आणि ती कोणी देणार नाही. सांडपाणी अर्थातच थेट गटारात जात होते. त्या सचिवांना मी दोष देत नाही. ज्यांचे उत्पन्न सगळ्यात कमी आहे त्यांच्या मासिक वर्गणीवर शहराच्या पुराची आणि खाडीच्या प्रदूषणाची जबाबदारी टाकणारा उपाय हा कागदावरचाच उपाय राहणार. भाड्याच्या घरांत तर सोसायटीही नसेल. मग हे बिल कोण भरणार, किती वर्षे भरणार आणि त्यासाठी निधी कोठे ठेवला आहे, याचे उत्तर अहवालात नसेल तर तो उपाय शून्य धरून हानी मोजावी.

भाड्याची घरे शेवटपर्यंत भाड्याचीच राहतील का, हाही प्रश्न आहे. 2008 च्या सुमारास महानगर प्रदेशात भाडेतत्त्वावरील घरांची योजना आली, 160 चौरस फुटांच्या खोल्या बांधल्या गेल्या, आणि पुढे त्यांतल्या अनेक खोल्या जोडून गिरणी कामगारांना मालकी हक्काने देण्यात आल्या. पनवेलजवळच्या कोन येथील घरांची सोडत 2016 मध्ये निघाली. गिरणी कामगारांना घरे मिळाली याचा आनंदच आहे. मात्र ज्या कारणासाठी विकासकांना जादा चटईक्षेत्र दिले गेले ते कारण हवेत विरले. मिठागरांचा बळी ‘अपात्रांच्या भाड्याच्या घरांसाठी’ म्हणून मागितला जात असेल, तर वापर बदलल्यास मंजुरी आपोआप रद्द होईल अशी अट असल्याशिवाय तो लाभ हिशेबात धरू नये.

पर्यायांच्या प्रकरणात सहसा एकाच भूखंडावरच्या दोन-तीन इमारत-रचना दाखवून काम उरकले जाते. येथे तसे करता कामा नये. धारावी सुमारे 600 एकरांची आहे आणि तिच्यात विक्रीच्या इमारतींसाठी मोठा वाटा राखलेला असणार. त्या वाट्यातून काही टक्के कमी केले तर किती अपात्र कुटुंबे धारावीतच राहू शकतील, हा पर्याय मांडून त्याची मिठागरांच्या पर्यायाशी तुलना झाली पाहिजे. प्रकल्पाचा आर्थिक ताळेबंद त्यामुळे बिघडेल असे सांगितले जाईल. तसे असेल तर तो ताळेबंदही समोर ठेवावा, म्हणजे विक्रीच्या इमारतींचा नफा आणि पूर्व उपनगरांची पूर सोसण्याची क्षमता यांत निवड होते आहे, हे निदान उघडपणे दिसेल. लाभ एका ठिकाणी आणि हानी दुसऱ्या ठिकाणी अशी विभागणी असताना दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून एकच आकडा काढणे मला अन्यायाचे वाटते.

आणखी एक धोका तुकडे पाडण्याचा आहे. 50 हेक्टर किंवा त्याहून अधिक क्षेत्र अथवा दीड लाख चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल तर प्रकल्प नगर वसाहतीच्या वर्गात येतो आणि त्याला पूर्ण आघात मूल्यांकन अहवाल द्यावा लागतो. त्याखाली, 20,000 चौरस मीटरपासून पुढे, केवळ अर्ज आणि त्याची जोडपत्रे पुरतात. तीन ठिकाणच्या जमिनी वेगवेगळ्या प्रस्तावांत, टप्प्याटप्प्याने आपल्यासमोर आल्या तर प्रत्येक तुकडा लहान दिसेल आणि पाण्याचा हिशेब कोठेच लागणार नाही. नाले, खाडी आणि भरती तिन्ही ठिकाणी एकच आहेत. सर्व 255.9 एकरांचा, शेजारच्या क्षेपणभूमीसह, एकत्रित अभ्यास मागवावा आणि तो होईपर्यंत कोणत्याही तुकड्याला मंजुरी देऊ नये. त्या अभ्यासात 2005 सारखा पाऊस आणि 4.5 मीटरपेक्षा मोठी भरती एकाच वेळी आल्यास महामार्गाच्या पश्चिमेला, म्हणजे सध्याच्या वस्त्यांत, पाणी किती वाढेल आणि किती तास राहील, हे भरावाआधी आणि भरावानंतर अशा दोन नकाशांवर दाखवलेले असावे. नववे प्रकरण, म्हणजे खर्च-लाभ विश्लेषण, या प्रकल्पाला सक्तीचे करावे.

इतके सगळे तपासूनही आपण बांधकामास परवानगी देण्याच्या निष्कर्षाला आलात, तर मी त्याला निव्वळ पर्यावरणद्वेष म्हणणार नाही. घरांची निकड एवढी आहे की काही हानी पत्करावी लागेल, असा निर्णय प्रामाणिकपणे घेता येतो. फक्त तो तसाच लिहावा. आपल्या आदेशात ‘पुढील हानी अटळ असून ती भरून निघणार नाही’ असा स्वतंत्र परिच्छेद असावा, त्यात पाण्याचे घनमीटर आणि पक्ष्यांच्या विसाव्याचे हेक्टर असावेत आणि कोणत्या लाभासाठी ती पत्करली हे कारणांसह नमूद असावे. सगळ्यात सखल भाग भराव न घालता पाण्यासाठी मोकळा ठेवावा आणि तेथे पुढेही बांधकाम होणार नाही अशी नोंद जमिनीच्या अभिलेखात करून घ्यावी. नाल्यांची तोंडे, झडपा आणि उदंचन व्यवस्था पूर्ण होऊन एक पावसाळा चालल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. दर सहा महिन्यांनी द्यायचा अटींच्या पूर्ततेचा अहवाल मराठीतून, इमारतीच्या दर्शनी भागात लावला जावा.

मराठीचा उल्लेख मुद्दाम केला. 2006 च्या अधिसूचनेने बांधकाम आणि नगर वसाहत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. एखाद्या खाणीसाठी किंवा कारखान्यासाठी गावात मांडव घालून लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. मुंबईत हजारो माणसांची वसाहत उभी करताना मात्र येणाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना काहीच विचारावे लागत नाही. जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणीच नसल्यामुळे तोही मिळत नाही, आणि पर्यावरणीय मंजुरीच्या ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरची शेकडो पानांची इंग्रजी कागदपत्रे धारावीतल्या किंवा भांडुपच्या किती रहिवाशांनी वाचायची? कायद्याने सक्ती नसली तरी लोकांचे ऐकण्याला मनाईही नाही. एक बैठक धारावीत आणि एक मुलुंड किंवा भांडुपमध्ये घ्यावी, मराठी व हिंदी सारांश किमान महिनाभर आधी उपलब्ध करून द्यावा आणि तेथे आलेल्या प्रत्येक मुद्द्याचे उत्तर अंतिम अहवालात छापावे. धारावीतल्या बैठकीला, जे येथे येणार आहेत त्या अपात्र कुटुंबांना आवर्जून बोलवावे. आजवर त्यांच्या वतीने सगळेच बोलले आहेत.

शेवटची विनंती स्थळपाहणीची. समित्यांच्या भेटी बहुधा हिवाळ्यात, जमीन कोरडी असताना आणि वाफ्यांत पांढरे मीठ साचलेले असताना होतात. ही भेट जून ते सप्टेंबरदरम्यान, महापालिकेच्या यादीतल्या मोठ्या भरतीच्या दिवशी, भरतीच्या आधी दोन तास सुरू करून भरतीनंतर दोन तासांपर्यंत ठेवावी. महामार्गाखालच्या मोऱ्या, नाल्यांची तोंडे आणि मोडक्या उघाड्या कोठे आहेत, हे नकाशावर चिन्हांकित करून देण्याची आणि सोबत फिरण्याची तयारी मी व परिसरातील काही रहिवासी ठेवून आहोत. तारीख कळवावी.

कळावे,

आपला नम्र,
मुलुंड (पूर्व) येथील एक रहिवासी
(निवृत्त स्थापत्य अभियंता)